एका तोंडाची चिठ्ठी

एक गोष्ट मी चौदा वर्षे लपवून ठेवली. पडवळ मास्तरांविषयी लिहायला बसताना ती आधी सांगितल्यावाचून पुढची ओळ लिहिण्याचा मला अधिकार नाही. ज्या एका शब्दासाठी मास्तरांनी सिल्वासातली आपली सारी मोकळी वर्षे वेचली, त्या शब्दाच्या टिपणांत एक चिठ्ठी खोटी आहे आणि ती माझ्या हातची आहे. ती नजरचूक नव्हती. मी ती जाणूनबुजून लिहिली, आणि तिला खरी मानून मास्तर तिच्या मागे हिंडू लागले तेव्हा त्यांच्या बरोबरीने मीही हिंडत राहिलो... जणू काही मलाही तेच शोधायचे होते. सुमनवहिनींची संमती घेऊनच हे लिहितो आहे. वहिनी म्हणजे मास्तरांच्या पत्नी.

सहा आठवड्यांपूर्वी सकाळी मी कचेरीत जायला निघत होतो. मास्तरांच्या शेजारच्या शांताबेन दळणाचा डबा हातात तसाच घेऊन माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "नाईकभाई, मास्तर गया." चहा घेऊन ते खुर्चीत बसले होते, वहिनी कप उचलायला आल्या तेव्हा मान कलली होती, एवढेच त्यांना सांगता आले. मी धावत गेलो. घर माणसांनी भरत होते. भिंतीशी ट्रंकेवर नेहमीच्या जागी ती लाकडी काथवट होती आणि तीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे. लोक मास्तरांकडे पाहत होते आणि मी, सांगायला संकोच वाटतो, त्या काथवटीकडे पाहत होतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही दोघे थोड्याच महिन्यांच्या अंतराने येथे आलो. मी मामलतदार कचेरीत कारकून म्हणून अलिबागहून, ते गुहागरकडून एका मराठी शाळेत शिक्षक म्हणून. ते माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे. तेव्हा सिल्वासा आजच्यासारखे नव्हते. कारखान्यांची धुराडी नुकती कुठे उगवू लागली होती, नरोलीच्या वाटेला संध्याकाळी चालायला जाता येत असे. त्यांच्या वर्गात धुळे-जळगावकडून आलेल्या कामगारांची मुले, आमच्यासारख्या नोकरदारांची मुले आणि पाड्यांवरची वारली मुले एका बाकावर बसत, आणि एकाच वस्तूला तीन नावांनी हाक मारीत. दुसरा शिक्षक अशा वेळी पुस्तकातला शब्द सांगून मोकळा झाला असता. मास्तर तिन्ही नावे फळ्यावर लिहीत आणि मुलांना विचारीत, "ही एकमेकांची कोण लागतात, सांगा बघू."

शब्दाची सुरुवात एका पूजेपासून झाली. वहिनींनी सत्यनारायण घातला होता आणि जेठी नावाची एक वारली बाई पळसाच्या पानांचे द्रोण घेऊन आली होती. ओटीवर बसून ती गप्पा मारता मारता आणखी द्रोण टोचत होती. मास्तर तिच्यासमोर बसून राहिले, पूजा सांगायला भटजी आले तरी उठेनात. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडचा जुना संस्कृत कोश मागायला आले. त्यात त्यांना सापडले ते त्यांनी मला उभ्या उभ्याच वाचून दाखवले. द्रु म्हणजे लाकूड. लाकूड कोरून केलेले भांडे ते द्रोण. त्यावरून द्रोणी म्हणजे कुंड, नाव, आणि शेवटी, अगदी शेवटी, दोन डोंगरांमधली दरी. "म्हणजे बघा नाईक," ते म्हणाले, "कुणीतरी डोंगरावर उभं राहून खाली पाहिलं आणि त्याला वाटलं, हे कुणीतरी कोरून काढलंय. काहीतरी ठेवायला." तो कोश मला पुन्हा मिळाला नाही. मी मागितलाही नाही.

त्यानंतर ते त्या शब्दाची पिलावळ जमवू लागले. त्यांची पद्धत साधी आणि कडक होती. चाचणी परीक्षेच्या उरलेल्या प्रश्नपत्रिका कापून ते कोऱ्या बाजूवर लिहीत: शब्द, अर्थ, कोण बोलले, कुठल्या गावचे. शब्द आपण पहिल्यांदा उच्चारायचा नाही. वस्तू दाखवायची, गप्प बसायचे आणि समोरच्याच्या तोंडून तो येईपर्यंत वाट पाहायची. एकाच तोंडून ऐकलेला अर्थ कच्चा. दुसऱ्या गावच्या दुसऱ्या तोंडून तोच अर्थ आला की चिठ्ठीच्या कोपऱ्यावर दुसरे नाव चढे आणि ती पक्की होई. "दोन तोंडं, दोन गावं, आणि आपण मुके," असे ते म्हणत. चिठ्ठ्या ठेवायला त्यांनी वहिनींची भाकरीची काथवट उचलली. लाकूड कोरून केलेली, लांबट. या शब्दाला हेच घर शोभेल, असे त्यांचे म्हणणे. वहिनींना मान्य नव्हते.

"भाऊजी, तुमच्या मित्राला सांगा," वहिनी मला म्हणत, "माहेरची काथवट आहे ती. स्टीलच्या परातीत तांदळाची भाकरी थापून बघा म्हणावं एकदा."

"शब्द पुरा झाला की रिकामी करून देतो," मास्तर आतून म्हणत. "मग ती घेऊन आपण गुहागरला जाऊ. थापा तिथे भाकऱ्या."

"तोवर हात राहू देत माझे."

हा संवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्यातले हसू आधी कुठून सुरू होई हेही मला ठाऊक होते. काथवट भरत गेली. दमणगंगेच्या काठी एका म्हाताऱ्याने पूल होण्यापूर्वीची, एका खोडाची उतारू डोणी आठवून सांगितली, पुढे किलवणीच्या एका आजीनेही. नरोलीत भाड्याच्या खोलीत राहणारा दगडू नावाचा धुळ्याकडचा कामगार म्हणाला, "आमना गावले दगडनी डोण शे, मास्तर. बैल तठेच पानी पेतस," आणि मास्तरांनी त्याला तिची लांबी, खोली, कुठल्या दगडाची, सगळे विचारून भंडावून सोडले. शेवटी दगडू मला म्हणाला, "मास्तरले बैल इकत लेवाना शे का?" गलोंड्याच्या कारखान्यात एक पर्यवेक्षक देहरादूनकडचा होता. त्याच्याकडून कळले की त्याच्या गावाच्या नावातला दून म्हणजे दरीच, तिकडे म्हातारीकोतारी अजून तसे म्हणतात. आणि शांताबेन एकदा सुनेवर चिडून म्हणाल्या, "छाश लेवा जवुं ने दोणी संताडवी." म्हणजे ताकाला जायचे आणि भांडे लपवायचे. मास्तर भिंतीपलीकडून ओरडले, "बेन, पुन्हा एकदा म्हणा." सून हसू लागली आणि भांडण तिथेच संपले.

सगळे अर्थ मिळाले होते, एक सोडून. दरी. कोशात होती, उत्तरेत होती, पण इथल्या डोंगरात कुणी जिवंत माणूस दरीला डोण किंवा डोणी म्हणतो का, याचा पत्ता नव्हता. मास्तरांना खात्री वाटे की म्हणत असणारच. "घरातली सगळी भावंडं इथं आहेत नाईक, धाकटाच तेवढा परागंदा कसा असेल?"

त्या सुमारास धरणाचे पाणी चढणार म्हणून काही पाडे उठवायचे होते आणि त्यांतल्या एका पाड्याची घरयादी करायला मला पाठवण्यात आले. दोन डोंगरांच्या मधोमध वसलेला पाडा. मास्तरांनी आदल्या दिवशी माझ्या खिशात चार कोऱ्या चिठ्ठ्या घातल्या. "तिथल्या म्हाताऱ्या माणसाला एवढंच विचारायचं, ही मधली जागा, तिला काय म्हणता? आणि गप्प राहायचं. पुन्हा ती जागा दिसायची नाही, आणि ती माणसंही एका ठिकाणी सापडायची नाहीत."

उन्हाचे दिवस होते. जीप तीनला परत निघणार होती. पाड्याचा पटेल मोहाच्या सावलीत बसून घरोघरची नावे सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. शेवटचे घर वरच्या टेकाडावर होते. "जान्या ऱ्हातो तिकडं. लई म्हातारा. त्याला इचारा जुनं काय असंल ते," पटेल म्हणाला. टेकाड फार तर वीस मिनिटांचे होते. मी वर पाहिले, घड्याळाकडे पाहिले... आणि पटेलाच्या सांगण्यावरूनच जान्याचे नाव यादीत लिहून कागद मिटले. जीप सुटायला तेव्हा तासाहून अधिक वेळ होता. तो तास मी सावलीत झोपून काढला.

परत आलो तर संध्याकाळी मास्तर माझ्या क्वार्टरच्या पायरीवर येऊन बसलेले. शाळेतून थेट आले होते, हाताला खडू तसाच. "भेटला कुणी?" नाही म्हणणे सोपे होते. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा तो उजेड मला विझवता आला नाही, असे मी पुढे कित्येक वर्षे स्वतःला सांगत आलो. आज ते मला खरे वाटत नाही. मला माझा आळस झाकायचा होता, एवढेच ते होते. मी म्हणालो, "जान्या नावाचा म्हातारा भेटला. डोणी म्हणतात त्या जागेला. गुरं डोणीत उतरली, असं म्हणाला." ते उठून माझ्यासमोर आले. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारले, "कसं म्हणाला? काही दाखवलं का हातानं?" आणि खोट्याला एकदा पाय फुटले की ते आपणहून चालते, तसे माझे दोन्ही हात वर आले. मी ओंजळ केली. "असं दाखवलं," मी म्हणालो. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांनी मला तिथल्या तिथे चिठ्ठी लिहायला लावली, मी ऐकणारा म्हणून माझ्याच अक्षरात. कोपऱ्यात त्यांनी स्वतः लिहिले: एक तोंड.

दुसऱ्या तोंडाचा शोध त्या दिवशी सुरू झाला. पाडे उठले, माणसे चार वसाहतींत पांगली. जान्या त्याच वर्षी वारला, हे मला कचेरीतल्या कागदांतून मास्तरांच्या आधी कळले. ते वाचून मला हायसे वाटले, हेही लिहून टाकतो. रविवारी मास्तर सायकलवर त्या वसाहतींकडे जात, कधी मलाही नेत. डोंगराकडे बोट करून गप्प बसत. कुणी दरा म्हणे, कुणी खोंगा म्हणे, कुणी नुसतेच 'तिकडं खालतं' म्हणे. एकदा एका पिंपळाखाली जेठीच्याच वयाची एक बाई भाजी निवडत बसली होती. तीही त्याच पाण्याखाली गेलेल्या पाड्याची निघाली. मास्तरांचा तोल सुटला. "तुमच्या तिथं दोन डोंगरांच्या मधे... डोणी होती ना?" ते बोलून गेले. "हां, व्हती की," बाई म्हणाली. मी त्यांच्या मागे उभा होतो. आता सुटलो, असे मला वाटले. त्यांनी चिठ्ठी काढली, बाईचे नाव लिहिले आणि मग पेन तसेच थांबले.  मग त्यांनी ते नाव आडवी रेघ मारून खोडले.

"का हो?" मी विचारले.

"मी घातला तो शब्द तिच्या तोंडात. तिनं हो म्हटलं माझ्या म्हातारपणाकडं बघून." सायकलचे कुलूप काढताना ते हसून म्हणाले, "तुमच्यासारखं गप्प बसायला जमलं पाहिजे, नाईक."

परतीच्या वाटेवर सहा-सात किलोमीटर मी त्यांच्या मागे सायकल चालवली. त्यांची पाठ माझ्यासमोर होती. हाक मारायला एक शब्द पुरला असता...

शाळेने त्यांच्या निवृत्तीला शब्दाची पुस्तिका छापायची ठरवली होती. मास्तरांनी नको म्हटले. दरीचे पान एका तोंडावर उभे आहे, आणि ते पान काढले तर बाकी सगळी भांडीच उरतात, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी गुहागरचे घर उघडायला जायचे ठरवले होते, भाच्याने कौले शेकारूनही घेतली होती. "एक पावसाळा थांबू," ते वहिनींना म्हणाले. मग दुसरा. वहिनींचे माहेर त्याच गावात. त्यांची थोरली बहीण त्या दुसऱ्या पावसाळ्यात तिथे वारली आणि वहिनी पोचल्या त्या तिसऱ्या दिवशी. परत आल्यावर त्यांनी मास्तरांना एका शब्दानेही दुखावले नाही. मला मात्र म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तरी त्यांना सांगा, एका तोंडाचंही कधी कधी खरं असतं." मी मान खाली घालून चहा प्यायलो.

शेवटची भेट ते गेले त्याच्या आठवडाभर आधीची. धाप लागत होती म्हणून ते उशांना टेकून बसले होते. काथवट मांडीवर घेतली होती आणि त्यातली ती चिठ्ठी वर काढून ठेवली होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाईक, एवढंच राहून गेलं विचारायचं. जान्यानं एका हातानं दाखवलं होतं, की दोन्ही?"

"दोन्ही," मी म्हणालो.

त्यांनी आपले दोन्ही हात जवळ आणले.  "बरोबर," ते म्हणाले. "एका हातात काय मावणार..." मी त्यांच्याशी बोललेला शेवटचा शब्द हा असा, खोटा.

गेल्या आठवड्यात वहिनींनी बोलावून घेतले. भाचा सामान न्यायला येणार होता. शाळेकडून निरोप आला होता की पुस्तिका अजूनही छापता येईल, चिठ्ठ्या तेवढ्या कुणीतरी लावून द्याव्यात. ओटीवर सतरंजी घालून मी काथवट समोर घेतली आणि वहिनी माझ्यासमोर बसल्या. पानांचे द्रोण एका बाजूला, डोण्या दुसऱ्या, दगडूच्या गावची डोण, शांताबेनची ताकाची दोणी. चिठ्ठ्या कमी होऊ लागल्या तसा काथवटीचा तळ दिसू लागला. वहिनींच्या हातच्या भाकऱ्यांनी गुळगुळीत झालेला, मधे किंचित खोल. शेवटी तळाशी ती एकच उरली. वहिनींनी ती उचलली, पदराने पुसली आणि माझ्यापुढे धरली.

"हीसुद्धा घाला, भाऊजी. नियम त्यांचा होता, ते गेले. एकाच तोंडाची का असेना. सगळा जीव हिच्यातच होता त्यांचा."

कागद उलटा धरला गेला होता. मागच्या बाजूला प्रश्नपत्रिकेतली कापली गेलेली ओळ होती: गाळलेल्या जागा भरा. मला ती चिठ्ठी घेता येईना. छापली गेली असती तर मास्तरांचे नाव असलेल्या पुस्तिकेत माझे खोटे पक्के झाले असते, आणि ज्या माणसाने स्वतःच्या तोंडून निसटलेल्या एका शब्दासाठी एक नाव खोडले, त्याच्या नावावर ते कायमचे बसले असते. माझे ऐकल्यावर वहिनी काय म्हणाल्या, ते त्यांचे आहे. मी ते इथे लिहिणार नाही. त्यांनी रिकामी काथवट आपल्याजवळ ओढून घेतली होती आणि त्यांचे दोन्ही हात तिच्या आत होते, एवढे मला दिसत होते. मी काय बोललो ते मात्र जसेच्या तसे लिहितो, कारण ते मोठ्याने बोलायला मला चौदा वर्षे लागली.

"वहिनी, ही घालू नका. ही खोटी आहे. मी त्या टेकाडावर चढलोच नाही, मी खाली सावलीत झोपलो होतो. जान्याचं तोंडसुद्धा मी पाहिलेलं नाही, ओंजळ माझी होती. ज्या दुसऱ्या तोंडासाठी तुम्ही दोघं इथं थांबलात, त्याचं पहिलं तोंडच नव्हतं. तुमची बहीण गेली तेव्हाही मला हे ठाऊक होतं. मास्तरांना सांगायचं धैर्य झालं नाही, ते आता तुम्हाला सांगतो. मी त्यांचा अपराधी आहे, आणि त्यांच्याहून जास्त तुमचा. मला क्षमा करा."